कमरेची किल्ली

आमच्या बाबांचा जगात कुणावर म्हणून विश्वास नव्हता. बायकोवर नाही, भावावर नाही, बँकेवर तर नाहीच नाही. त्यांची अँबॅसिडर होती, पांढरी, जुनी घेतलेली, भाड्यानं द्यायची. तिला एकच किल्ली. दाराला तीच, चालू करायलाही तीच. दुसरी बनवून ठेवा म्हटलं की म्हणायचे, "दुसरी किल्ली म्हणजे दुसरा मालक." विषय संपला.

आणि ही एकुलती एक किल्ली ते करगोट्याला बांधायचे. कमरेचा काळा दोरा, दोऱ्याला गाठ, गाठीला किल्ली. बसताना टोचायची म्हणून तिच्या डोक्याची कोपरं त्यांनी कानशीनं घासघासून गोल केली होती. भाड्यावर निघताना चार माणसांसमोर सदरा वर करून दोरा पुढे ओढायचे आणि किल्ली सोडायचे. आले की पुन्हा तसंच बांधायचे. शाळेत असताना मला ह्या प्रकाराची इतकी लाज वाटायची की मी मैत्रिणींना घेऊन दुसऱ्या रस्त्यानं घरी यायची.

बदलापूर गावात आमचं घर. अंगण एक, दारं दोन, एक आमचं आणि एक काकाचं. पालेगावच्या बाजूला दोघा भावांची थोडी शेती होती, ती बिल्डरला गेली. त्या पैशात काकानं स्लॅबचं घर बांधलं आणि बाबांनी गाडी घेतली. लोक हसले. पण लग्नाचा मोसम आला की हसणारेच नवरदेवाला बसवायला गाडी मागायला यायचे. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्या, की बाबांच्या नावानं हाका. आमच्या घरात दुसरी कमाई नव्हती. आम्ही तिघं खायचो ते त्या गाडीच्या चार चाकांवर खायचो.

मला त्यांनी गाडी शिकवली, बारवी धरणाच्या रस्त्यावर. मुलगा नव्हता म्हणून शिकवली, की मी डोकं खाल्लं म्हणून, देव जाणे. शिकवताना शिव्या घातल्या त्या घातल्याच, पण कल्याणला नेऊन लायसनही काढून दिलं. घरी आल्यावर मात्र किल्ली परत त्यांच्या कमरेला.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. लग्नसराई ऐन भरात. एका दुपारी बाबा भाड्यावरून आले, गाडी जांभळाखाली लावली, काचा वर केल्या, दार बंद केलं, किल्ली कमरेला बांधली, माठातलं पाणी प्याले आणि 'जरा पडतो' म्हणाले. पडले ते पडलेच. आई चहाला उठवायला गेली तर अंग गार.

पुरुषाच्या मयताला पुरुष अंघोळ घालतात. आम्ही बायका आत होतो. बाहेर काकानं बाबांचा करगोटा तोडला. आमच्याकडे जिवंत पुरुष करगोट्याशिवाय राहत नाही, तो तोडायचा तो एकदाच. संध्याकाळी नदीवरून माणसं परतली तेव्हा काका ओलेत्यानं आमच्या दारात उभा राहिला आणि आईला म्हणाला, "वहिनी, दादाच्या अंगावरचं सगळं नदीत सोडलं."

आईनं मान हलवली. तेव्हा कुणाच्या डोक्यात किल्ली होती?

दोन दिवसांनी एक माणूस आला. मुलीच्या लग्नाला बाबांची गाडी सांगून ठेवलेला. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, दारातली राख आणि पणती बघून मागच्या पावली गेला. मी त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं. दारं बंद. काचा बंद. किल्ली कुठं?

आईला म्हटलं, "काकाला विचारते, करगोट्याबरोबर किल्ली होती ती..."

"तोंडातून काढू नकोस." आईनं माझं मनगट धरलं. "अंगावरचं सोडलेलं परत मागत नाहीत. जीव मागे वळतो."

झालं. आम्ही विचारलं नाही. भावकीतल्या कुणी विचारलं नाही. किल्ली नदीत गेली, हे सगळे न बोलता धरून चालले. मेलेल्याच्या अंगावरची वस्तू कुणी घरात आणेल ही कल्पनाच कुणाच्या मनाला शिवली नाही. असली शिस्त पाळावी तर आमच्याच लोकांनी.

मग किल्लीची शोधाशोध. वाण्याच्या दुकानातून मुंबईच्या शोरूमला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, किल्ली अशी सुटी मिळत नाही, सगळी कुलपंच बदलावी लागतील, गाडी इकडे घेऊन या. घेऊन कशी येऊ, डोक्यावर? त्यानं खर्च सांगितला. तेवढ्या पैशांत आमच्या स्वयंपाकघराचं छप्पर नवं झालं असतं. मी फोन ठेवला.

स्टेशनजवळच्या गॅरेजवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "सोपं आहे. काच फोडतो, वायरी डायरेक्ट जोडतो, अर्ध्या तासात हॉर्न वाजवत जा." मला पटलं. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "सुतकात घरातलं काही फोडायचं नाही." आणि थोड्या वेळानं, भिंतीकडे तोंड करून, "ह्यांनी त्या काचेला कधी ओरखडा येऊ दिला नाही गं." आणि मग ती रडली. बाबा गेल्यापासून मोठ्यानं रडली ती तेव्हा पहिल्यांदा. मग काच फोडायचं नाव कोण काढणार?

गॅरेजवाल्याला जाऊन नाही म्हटलं. तो हात पुसत म्हणाला, "मग उल्हासनगरला जा, कॅम्प चारला. तिथं कुलपाशिवाय किल्ली मिळते आणि किल्लीशिवाय कुलूप उघडून मिळतं. आणि स्वस्तात. टिकेल किती ते मात्र विचारू नको."

मी जाणारच होते. पण मध्ये दहावा आला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. समोरच्या झाडावर कावळे नुसते बसलेले. एक खाली येईना. मग ज्याला जे सुचेल ते तो बोलू लागला. "पोरीचं लग्न थाटात करू." कावळा ढिम्म. "वहिनीला अंतर देणार नाही." ढिम्म. ऊन चढलं, पायाखालचे दगड तापले. आई पदर तोंडात धरून बसलेली, तिला वाटत होतं माणूस रागावून गेला. शेवटी काका पुढे झाला, हात जोडले आणि म्हणाला, "दादा, गाडीची काळजी करू नको. गाडी मी सांभाळतो."

आणि मेला तो कावळा आला! फडफड करत खाली उतरला आणि पिंडाला चोच लावली.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. कुणी काकाच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या मते त्या कावळ्याला भूक लागली होती. भात समोर ठेवून माणसं इतका वेळ नुसती बडबडत बसली तर कुणीही वैतागून खाली उतरेल. पण माझं मत कोण विचारतो?

संध्याकाळी भावकी ओट्यावर बसली. आमच्यातले सगळ्यात म्हातारे आजोबा, नात्यानं बाबांचे चुलते, त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "त्याना कावळ्याच्या तोंडाना सांगितला ना सगळ्यांदेखत. गाडी धाकट्याकडं जाऊ दे. बाईमाणसांच्या घरात गाडी नुसती गंजल."

मी दाराआड होते. सुतक, मोठी माणसं, बाईची जात, सगळं कळत होतं. तरी तोंडातून निघून गेलं, "गाडी माझ्या बापाची आहे. मी चालवीन. लायसन आहे माझ्याकडे."

ओट्यावर हशा पिकला. बाप जाऊन दहा दिवस झालेल्या घरात लोक हसले. काका हसला नाही. तो शांतपणे म्हणाला, "चालव की. मी कुठं नाही म्हणतो? आधी चालू तर करून दाखव. काच न फोडता, वायर न तोडता."

आजोबा म्हणाले, "बरा बोलला. तेराव्याच्या पंगतीपर्यंत चालू झाली त तुमची. नाय झाली त धाकटा नेल, वहिनीला काय द्याचा ता देल."

तो काय देणार, कधी देणार, हे मला ठाऊक होतं. तो देईल ते, तो देईल तेव्हा. आणि तोवर आम्ही दोघींनी काय करायचं, तर त्याच्या दाराकडे बघत बसायचं. मी आत आले आणि आईला म्हटलं, "उद्या मी कॅम्प चारला जाते."

सुतकातली पोरगी उंबऱ्याबाहेर. आई काही बोलणार असं वाटलं. पण तिनं ट्रंकेतून गाडीचे कागद काढून माझ्या हातात दिले. "जा. कुणी विचारलं तर सांगेन, पोटात दुखतंय म्हणून आत निजलीय."

कॅम्प चारमध्ये एका गल्लीत जीन शिवायच्या मशिनी धडधडत होत्या, समोर प्लास्टिकच्या बादल्या बनवायचा कारखाना, आणि मधे जिन्याखाली एक सिंधी किल्लीवाला. भिंतीवर किल्ल्यांचे घोस. त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. एकटी पोरगी, गाडीची किल्ली मागते, कपाळावर कुंकू-टिकली काही नाही, केस न विंचरलेले. त्याला संशय आला तर त्यात त्याची काय चूक?

"मालिक को भेजो," तो म्हणाला.

"मालक गेला."

"कहाँ गया?"

"मेला."

त्यानं कागद पाहिले, चष्मा काढला. "अच्छा. फिर ओरिजिनल चाबी दिखाओ. सॅम्पल हो तो दो मिनिट का काम है."

"ती नदीत गेली."

"गिर गई?"

"सोडली. मेलेल्या माणसाच्या अंगावरची होती."

त्यानं चष्मा पुन्हा चढवला. "लोहे को भी सूतक लगता है तुम लोगों में?"

मला हसू आलं आणि हसू आलं म्हणून संताप आला. म्हटलं, "लागतं. तुम्हाला किल्ली बनवायची का नाही ते सांगा."

त्यानं कानशी खाली ठेवली. "बेटी, मेरा बाप उधर सिंध में घर को ताला मारके आया. घर गया, चाबी अभी तक हमारी पेटी में पडी है. तुम्हारी गाडी दरवाजे पे खडी है और चाबी पानी में डाल दी." मान हलवत हलवत तो पुन्हा कामाला लागला. मग भाव सांगितला. शोरूमच्या मानानं चणे-फुटाणे, तरी मी घासाघीस केली. सुतक असलं म्हणून सवय थोडीच सुटते?

दुसऱ्या दिवशी दुपारी, धंदा थंड असतो त्या वेळी, तो स्कूटरवरून आमच्याकडे आला. मेणबत्तीच्या धुरावर पितळेची कोरी पट्टी काळी केली, गाडीच्या दारात घातली, जरा हलवली, बाहेर काढून उजेडात धरली. जिथं काजळी पुसली गेली होती तिथं कानशीचे दोन हात मारले. पुन्हा काळी केली, पुन्हा घातली. असं किती वेळा! सगळी आळी जमली. काका आपल्या ओट्यावर सुपारी कातरत बसला होता, नजर आमच्यावर.

आणि दार उघडलं.

आतून भपकन वास आला. तापलेलं रेक्झिन, उदबत्ती, बिडी, बाबांचा घाम. सीटवर त्यांचा पंचा पडला होता, तसाच गुंडाळलेला. माणसाला जाळून इतके दिवस झाले आणि त्याचा वास आत कोंडून ठेवलेला. मी दाराला धरून तिथंच खाली बसले आणि हमसून हमसून रडले. किल्लीवाला बिचारा स्कूटरकडे जाऊन उभा राहिला.

मग डोळे पुसून मी किल्ली आत घालायला गेले, चालू करायला. त्यानं झटकन हात धरला. "ना, ना. पितळ आहे, नरम. दरवाजा ठीक आहे, अंदर जोर लागतो. आत तुटली तर फिर मेरे बाप से भी नहीं होगा." ही नमुना म्हणून घेऊन जातो, पोलादाच्या पट्टीवर अशीच कापतो, उद्या सकाळी येऊन घेऊन जा, म्हणाला. दार पुन्हा लावलं, किल्ली खिशात टाकली आणि गेला.

ओट्यावरून काकानं विचारलं, "झाली का गं?"

"उद्या सकाळी," मी म्हटलं. मान ताठ करून म्हटलं.

"बरं झालं," काका म्हणाला आणि सुपारी तोंडात टाकली.

तेराव्याच्या सकाळी पहिल्या एसटीनं गेले. किल्ली तयार होती, नवी, चकचकीत, डोक्याला चारही कोपरं धारदार. तो म्हणाला, "एक और बना दूँ? आधे में." माझ्या तोंडून बाबाच बोलले. म्हटलं, "एकच पुरे." किल्ली मुठीत धरून परत निघाले. वाटेत एसटी जिथं तिथं थांबून टेकडीएवढं सामान चढवत होती आणि मी मनातल्या मनात ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरत होते. बापाचं तेरावं आणि मी मनातून चक्क खूश होते. आज हॉर्न वाजवीन, म्हणत होते. भर पंगतीत हॉर्न वाजवीन.

फाट्यापासून पळत आले. अंगणात पानं मांडलेली, माणसं जेवायला बसत होती. जांभळाखाली गाडी नव्हती. जमिनीवर तेलाचा डाग आणि चार चाकांच्या खुणा.

गाडी काकाच्या दारात उभी होती.

"आली का पोर!" आजोबा पानावरून म्हणाले. "उगाच फेऱ्या मारल्यास गो. काकाना तुझ्या काल कल्याणला जाऊन किल्ली बनवून आणली. पंगतीला जागा नव्हती, चालवत नेली त्याना तिकडं. एका झटक्यात चालू झाली."

काका वरणाची बादली घेऊन वाढत होता. माझ्याकडे बघितलं नाही.

मी गाडीपाशी गेले. काच खाली होती. किल्ली तिच्या जागी लटकत होती. मी वाकून बघितली. डोकं गोल. चारही कोपरं घासून गुळगुळीत केलेली.

माझ्या कानात गरम वारं भरलं. बाबांचं अंग अंगणात, आम्ही आत ऊर बडवतोय, आणि ह्यानं करगोटा तोडताना किल्ली तेवढी गाठीतून सोडवून घेतली. दोरा नदीला दिला, किल्ली खिशात घातली. नदीवर हात जोडले तेव्हा ती त्याच्याकडे होती. 'आधी चालू करून दाखव' म्हणाला तेव्हाही ती त्याच्याकडे होती.

मी आईला हाक मारली. ती डोक्यावरून पदर घेऊन आली, काचेतून आत बघितलं. इतकी वर्षं ती किल्ली रात्री तिच्या शेजारी झोपत होती, तिला का ओळखू येणार नाही? तिच्या घशातून एक आवाज निघाला, रडण्याचा नव्हे, कुत्र्याच्या पायावर पाय पडला की निघतो तसा.

मी हात आत घातला.

"हात लावू नकोस!" आई ओरडली.

मी ओढणीत धरून किल्ली उपटली, अंगणात आले आणि काकाच्या पायाशी फेकली. "कल्याणला कोपरं घासून देतात वाटतं किल्लीची?"

पंगतीतल्या सगळ्यांनी आयुष्यभर ती किल्ली बाबांच्या कमरेला पाहिलेली. काका बादली हातात धरून उभा. हळूच पाय उचलला आणि किल्लीवर ठेवला.

मी परत फिरले, गाडीत बसले, माझी किल्ली घातली. फिरवली. गाडी आधी कुरकुरली, मग चालू झाली. अशी चालू झाली की सीट हादरली. मी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

"चालू करून दाखवली!" मी खिडकीतून ओरडले. "पंगत उठायच्या आत! अट तुमचीच होती!"

आजोबांनी पानातला घास खाली ठेवला. म्हणाले, "पोरीचा खरा हाय. गाडी त्यांची."

मी बाजूचं दार उघडलं. "आई, बस. चल, बस ना पुढं."

आई हलली नाही. "बंद कर ती."

"अगं मिळाली आपल्याला! ऐकलंस ना?"

"बंद कर आणि उतर खाली." ती गाडीपासून दोन हात लांब उभी होती, पाऊल पुढे टाकत नव्हती. "मेलेल्याच्या अंगावरच्या किल्लीनं चालली ती आज. त्यांच्या तेराव्याच्या दिवशी. आता ही गाडी माझ्या दारात उभी राहिली तर माझं घर उभं राहणार नाही. तू एकच उरलीस मला. उतर."

मी किंचाळले. खायचं काय, म्हणून विचारलं. पाप त्यानं केलं आणि गाडी आपण सोडायची, हा कुठला न्याय, म्हणून विचारलं. आई म्हणाली, "होईल ते त्याला होईल." मी आणखी थोडा वेळ स्टिअरिंगला धरून बसून राहिले. बाबांचा पंचा बाजूला पडला होता. मग गाडी बंद केली, किल्ली काढली आणि उतरले. पंचासुद्धा आईनं घेऊ दिला नाही.

काकाला काही झालं नाही. हे मला अजून पचत नाही. मी वाट बघितली, खोटं कशाला बोलू? त्याला ताप आला तरी मला वाटायचं, आता. पण नाही. त्यानं गाडी चालवली, दोन्ही मुलींची लग्नं त्याच गाडीतून लावली, ओट्याला फरशी घातली. किल्ली करगोट्याला बांधायला लागला, मोठ्या भावासारखी. लोक चार दिवस थू थू म्हणाले आणि पाचव्या दिवशी भाड्यासाठी त्याच्याच दारात गेले. गावात दुसरी गाडी कुठं होती?

आम्ही दोघी अंबरनाथच्या एका कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायला लागलो. डिंकानं बोटांची सालं निघायची. घरी चालत येताना कधी मागून हॉर्न वाजायचा. काका गाडी हळू करायचा, "वहिनी, बसता का?" आई पदर तोंडावर ओढून चालत राहायची. मी रस्त्याच्या कडेचा दगड बघून ठेवायची, पण कधी उचलला नाही.

माझी किल्ली घरात आल्या दिवशी मी खिळ्याला टांगली, दारासमोरच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या शेजारी. आईनं तिला कधी हात लावला नाही. सारवण करताना, भिंतीला चुना लावतानासुद्धा तेवढी जागा सोडून हात फिरवायची.

सात-आठ वर्षं गेली असतील. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या, आम्ही मात्र तिथंच. एका सकाळी काका आमच्या दारात उभा. ओलेत्यानं. गावात कुणाचं तरी मयत झालं होतं, तिकडून आलेला, म्हणून उंबऱ्याच्या आत आला नाही. त्या दिवशी उभा होता तिथंच उभा राहिला. किती म्हातारा झालाय, मला पहिल्यांदा दिसलं.

"वहिनी," तो म्हणाला, "अंघोळीला नदीत उतरलो आणि करगोटा तुटला. किल्ली गेली. पोरांनी बुड्या मारल्या, नाही सापडली. दारात लग्नाचं भाडं उभं आहे." धोतराचा सोगा पिळला. "तुमच्याकडं एक होती ना?"

आई तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. तिच्या डोक्याच्या वर, मागच्या भिंतीवर, खिळ्याला किल्ली. काकाला ती दिसत होती. काकाला ती दिसतेय हे आईला कळत होतं.

"आमची पण नदीतच गेली भाऊजी," आई म्हणाली. "अंगावरचं सगळं सोडतात ना नदीत."

काकानं खिळ्याकडे बघितलं. आईकडे बघितलं. पण त्या किल्लीला बोट दाखवायचं म्हणजे कुठून कुठपर्यंत बोलावं लागलं असतं, ते त्याला कळलं असावं. धोतराचं पाणी उंबऱ्यावर गळत होतं. मग तो वळला आणि गेला.

मला वाटलं होतं त्या दिवशी मला आनंद होईल. झाला नाही.

आई उठली. भिंतीपाशी गेली, किल्ली खिळ्यावरून काढली, पदरानं पुसली. डोळ्यांजवळ नेऊन तिची धारदार कोपरं अंगठ्यानं चाचपून बघितली.

"अजून लागली असती का गं?" तिनं विचारलं.

"लागली असती," मी म्हटलं.

तिनं किल्ली परत खिळ्याला टांगली आणि सूप मांडीवर घेतलं. तांदूळ निवडायचे राहिले होते.